जुन्या टोपाची डागडुजी की नवा हलका टोप?

आमच्या गावात एक पेन्शनर सुभेदार होते. त्यांच्या ओट्याखाली एक पसरट लोखंडी टोप उताणा पडलेला असे आणि त्यात कोंबड्यांसाठी पाणी भरून ठेवलेले असे. आम्हा पोरांना ते एखादे घमेलेच वाटे. एकदा मी तो टोप धुऊन डोक्यावर घातला आणि अंगणात धावू लागलो. दहा पावलांत तो डोळ्यांवर आला, अन् मान अशी भरून आली की विचारू नका. सुभेदार हसले. म्हणाले, "पोरा, तू दहा पावलं धावलास. आम्ही तो घालून रात्र रात्र बसलोय." कुठे बसले होते, ते काही त्यांनी सांगितले नाही.

आज मी तुमच्याशी बोलणार आहे ते या टोपाच्या वजनाविषयी. विषय लहान वाटेल. पण आपल्याकडे सातारा जिल्ह्यातले मिलिटरी अपशिंगे आहे, आणि घरटी एक तरी माणूस पलटणीत आहे अशी दुसरीही गावे आहेत. त्या घरांना हा विषय लहान वाटणार नाही. लढाईला निघालेल्या माणसाच्या डोक्यावर जे काही आहे, त्यालाच आत-बाहेर दुरुस्त करून वापरावे, की ते टाकून नवे, हलके घ्यावे? हा प्रश्न शंभर वर्षांहून अधिक काळ सगळ्या फौजांना पडत आला आहे, आणि दर वेळी त्याचे उत्तर कुणाच्या तरी कवटीवर लिहिले गेले आहे.

पहिले महायुद्ध १९१४ साली सुरू झाले तेव्हा एकाही मोठ्या फौजेकडे पोलादी शिरस्त्राण नव्हते. हे ऐकून नवल वाटेल. फ्रेंच शिपाई कापडी टोपी घालून लढायला गेला, तिला ते 'केपी' म्हणत. इंग्रजाच्या डोक्यावरही कापडी टोपीच होती. जर्मनाच्या टोपाला वर भाल्यासारखे टोक असे, पण टोप होता कातड्याचा. आपले लोक फेटे बांधून गेले. तलवारीचे दिवस संपले, मग लोखंडी टोपाचे ओझे कशाला, असा हिशेब त्यामागे होता. पण तोफांनी तो हिशेब खोटा पाडला. शिपाई चर खणून आत बसले, तेव्हा त्यांचे सारे अंग मातीआड झाले आणि डोके तेवढे वर राहिले. त्यात श्रॅपनेल म्हणून एक गोळा असे. तो हवेतच फुटायचा आणि पोटातल्या शिशाच्या गोळ्या गारांसारख्या खाली ओतायचा. शेतात गारपीट झाली की पिकाचे काय होते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

फ्रेंच फौजेच्या पुरवठा खात्यात ऑगस्त-लुई आद्रियाँ नावाचा अधिकारी होता. १९१५ च्या आरंभी त्याने पहिला उपाय काढला तो डागडुजीचा. जुनी केपी तशीच ठेवायची आणि तिच्या आत पोलादी पत्र्याची एक वाटी बसवायची. वाटी म्हणजे खरोखरच वाटी, अर्ध्या मिलिमीटर जाडीची. आता तुम्ही म्हणाल, यात नवे ते काय? बरोबर आहे. १० नोव्हेंबर १६५९ या दिवशी प्रतापगडच्या पायथ्याशी अफजलखानाच्या भेटीला जाताना शिवाजी महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत आणि मंदिलाखाली पोलादी टोप घातला होता, ही हकीकत मराठी मुलगा चौथीच्या आतच ऐकतो. युक्ती तीच. फरक एवढाच की महाराजांना ती घटकाभर पुरायची होती. फ्रेंच शिपायाला ती दिवसच्या दिवस, चिखलात, पावसात आणि झोपेतही घालून राहायचे होते.

सुमारे ७ लाख वाट्या फौजेला वाटल्या. त्यांनी जीव वाचवले, यात शंका नाही. पण वाटी डोक्याला रुते, उन्हात तापे, थंडीत गार पडे. पत्रा आणि कवटी यांच्यात मोकळी जागाच नव्हती, त्यामुळे पत्र्याला पोचा पडला की तो थेट हाडावर येई. पुष्कळ शिपायांनी ती डोक्यावरून काढली आणि तिच्यात जेवण गरम करायला घेतले. माणूस नेहमी सोयीचेच करतो, त्याला दोष देऊन उपयोग नाही.

आद्रियाँ शहाणा माणूस. आपलीच डागडुजी अपुरी आहे, हे त्याला लवकर कळले. अग्निशामक दलाचे लोक घालतात त्या धर्तीवर त्याने स्वतंत्र पोलादी टोप बनवला. पुढे झाप, मागे झाप, माथ्यावर तुरा, आत कातड्याचे अस्तर, आणि अस्तर व पत्रा यांच्यात थोडी पोकळी. वजन जेमतेम पाऊण किलो. १९१५ साल संपायच्या आत असे ३० लाखांहून अधिक टोप फौजेत पोचले. बंदुकीची थेट आलेली गोळी तो अडवीत नसे आणि त्यासाठी तो केलेलाही नव्हता. वरून पडणारे तुकडे आणि छरे अडवावेत, एवढेच त्याचे काम. शिक्षक बंधूंनी हे मुलांना अवश्य सांगावे, कारण शिरस्त्राण म्हणजे गोळीला तोंड देणारी भिंत, अशी समजूत अजूनही सर्वत्र आहे.

त्याच वर्षी इंग्रजांकडे जॉन ब्रॉडी याने तो पसरट टोप काढला. आमच्या सुभेदारांचा टोप त्याच वंशातला. एकाच पत्र्यातून दाबून काढलेला. पत्रा मँगनीज मिसळलेल्या पोलादाचा, म्हणून पातळ असूनही चिवट. वजन किलोहून थोडे अधिक. जर्मनांनी १९१६ साली फ्रीड्रिश श्वेर्ड यांच्या आराखड्यावरून कान आणि मान झाकणारा टोप आणला. पण त्यांचा लोभ तेवढ्यावर थांबला नाही. टोपाच्या दोन्ही बाजूंना शिंगांसारख्या दोन खुंट्या ठेवल्या होत्या. त्यांना अडकवायला एक जाड कपाळपट्टी केली, दोन किलोंच्या वर वजनाची. उद्देश असा की पहारेकऱ्याच्या कपाळावर समोरून गोळी आली तरी ती अडावी. पट्टी मजबूत खरी, पण सगळे वजन एकट्या कपाळावर. टोप पुढे झुके, मान अवघडून जाई. थोड्या पहारेकऱ्यांनी आणि मशीनगनवाल्यांनी ती वापरली. बाकीच्यांना नुसत्या त्या खुंट्या मिरवीत लढाई संपवावी लागली. या कपाळपट्टीची आठवण ठेवा, पुढे तिचे काम पडणार आहे.

अमेरिकेची कथा निराळी. ती १९१७ साली युद्धात उतरली आणि इंग्रजी टोपच तिने उचलला. युद्ध संपले, लाखो टोप गोदामात पडले. मग कोणता हिशेबनीस ते टाकू देईल? त्यांनी आतले अस्तर बदलले, हनुवटीचा पट्टा बदलला आणि जुन्याच पत्र्याला सुधारित टोप म्हणून नवा क्रमांक दिला. १९४१ च्या डिसेंबरात जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला, त्या सुमारास तिथल्या पुष्कळ शिपायांच्या डोक्यावर हेच डागडुजी केलेले टोप होते. पसरट कडा वरून पडणारे अडवी, पण कानशिले आणि मान उघडीच. अस्तर कितीही मऊ केले तरी पत्र्याचा आकार काही बदलत नाही.

त्याच १९४१ साली त्यांचा नवा टोप ठरला. तो दोन भागांचा. आत हलक्या तंतूंचा साचा, त्यावर पोलादी भांडे. भांडे वेगळे निघे, त्यामुळे शिपाई त्यात दाढीचे पाणी घेई, हातपाय धुई, प्रसंगी खणायलाही वापरी. दोन्ही भाग मिळून वजन सुमारे १ किलो ३०० ग्रॅम. महायुद्धात असे दोन कोटींच्या वर टोप निघाले आणि तोच टोप चाळीस वर्षे, व्हिएतनामच्या लढाईनंतरही, चालला.

आता जरा थांबून चुंबळीविषयी बोलू. विहिरीवरून घागर आणणाऱ्या आयाबहिणींना हे शास्त्र पुस्तकातून शिकावे लागत नाही. घागर तीच, पाणी तेवढेच. डोक्यावर चुंबळ नीट बसली की कोसभर चालता येते, ती सरकली की दहा पावले जड. शिरस्त्राणाच्या आत जे असते ते चुंबळीसारखेच काम करते. जुन्या टोपांत पट्ट्यांचा झुला असे, त्यावर डोके टेके. पट्ट्या भार पेलतात, पण एकदम हिसका बसला तर तो जिरवीत नाहीत. आणि हा हिसका म्हणजे काय, ते पुढे इराकात कळले.

मधल्या काळात एक मोठी गोष्ट घडली होती. १९६५ साली ड्यूपाँ कंपनीत स्टेफनी क्वोलेक या बाईंनी एक तंतू शोधला. शोध चालला होता मोटारीच्या टायरसाठी. हा तंतू वजनाच्या मानाने पोलादाच्या पाचपट ताकदीचा निघाला. त्याचेच नाव केव्हलार. १९८० नंतर अमेरिकेने या तंतूचे थर राळेत दाबून शिरस्त्राण केले आणि १९८३ साली ग्रेनाडा बेटावरच्या कारवाईत ते प्रथम लढाईत गेले. आता गंमत पाहा. तंतू हलका, म्हणून टोप हलका झाला का? मुळीच नाही. मापाप्रमाणे त्याचे वजन १ किलो ४०० ग्रॅमपासून १ किलो ९०० ग्रॅमपर्यंत भरे. जुन्या पोलादी टोपापेक्षा जास्तच! हलक्या मालाची सगळी बचत त्यांनी जास्त झाकण्यात आणि जास्त अडवण्यात खर्चून टाकली. मला वाटते, त्या वेळी ते बरोबरही होते. पण मान तर जुनीच होती.

इराकच्या लढाईत, २००३ नंतर, रस्त्याकडेला पुरलेले बाँब फुटू लागले. टोप तुकडे अडवी, पण स्फोटाच्या धक्क्याने डोके आतल्या आत आदळे. बाहेरून जखम दिसत नसे आणि माणूस महिनोन् महिने डोकेदुखीने, विसरभोळेपणाने बेजार होई. अमेरिकी भूदलाने नवे शिरस्त्राण घेतले होते. कानाजवळ थोडे कापलेले, आत झुल्याऐवजी मऊ गाद्या. मरीन दलाच्या टोपात मात्र पट्ट्यांचा झुलाच होता. एका निवृत्त नौदल डॉक्टरचा नातू मरीनमध्ये होता. आजोबांनी चौकशी केली आणि २००४ साली लोकांकडून वर्गणी गोळा करून गाद्यांचे संच शिपायांना परस्पर पाठवायला सुरुवात केली. संच शंभर डॉलरच्या आत-बाहेर पडे. शेर नावाच्या प्रसिद्ध गायिकेनेही पदरचे पैसे घातले. २००६ च्या जूनमध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे यावर सुनावणी झाली आणि त्याच वर्षी मरीन दलाने गाद्या मान्य केल्या. इथे डागडुजी जिंकली. का जिंकली, तर बिघाड टोपात नव्हताच, चुंबळीत होता.

यावरून कुणी म्हणेल, मग जुना टोप घ्यावा, गाद्या घालाव्यात, कानाजवळचा भाग करवतीने कापावा, झाला नवा टोप! तसे करणारे हौशी लोक आहेत. पण लोखंडाचा पत्रा कापणे वेगळे आणि थरांचा टोप कापणे वेगळे. तंतूच्या थरांची कड एकदा उघडी पडली की पाणी शिरते, थर सुटू लागतात. ऊनही या तंतूला मानवत नाही. भोक पाडले की तिथली ताकद गेली. अस्तर बदला, पट्टा बदला, पण कवचाला हात लावू नका, असे जाणकार सांगतात ते याचसाठी. आणि नवे घेऊन तरी वजन किती वाचते? अमेरिकेचा तो जुना केव्हलारचा टोप आणि त्यानंतरचा, दोन्ही एकाच मापाचे तोलले, तर फरक दोन-सव्वादोनशे ग्रॅमचा. एक पेरू. मात्र तो पेरू दिवसभर मानेवर बाळगायचा असतो, आणि आता टोपाच्या पुढे रात्री पाहण्याची दुर्बीणही टांगतात, तेव्हा तो बराच जड होतो.

आपल्याकडे काश्मीरमध्ये १९९० नंतर जवानांनी 'पटका' वापरला. शीख जवान महायुद्धांतही लोखंडी टोप नाकारून पगडीच बांधीत, आणि त्या पगडीखालच्या पटक्यावरून हे नाव आले. यात पोलादाचे जाड पत्रे, एक कपाळावर, एक मागे. वजन अडीच किलोंच्या घरात. आता ती जर्मन कपाळपट्टी आठवा! पण पटक्याला हसू नका. समोर एके-४७ घेतलेला माणूस असताना कपाळावर तिची गोळी अडवील असे दुसरे काही त्या वेळी जवानाच्या हाती नव्हते. उणीव एवढीच की माथा आणि कानशिले उघडी राहत आणि पळताना तो हाले.

पुढे २०१६-१७ च्या सुमारास लष्कराने कानपूरच्या एम.के.यू. कंपनीकडे १ लाख ५८ हजार नव्या शिरस्त्राणांची मागणी नोंदवली. ती सगळे डोके झाकतात, वजनाने हलकी आहेत, आत गाद्या आहेत, आणि ९ मिलिमीटरची पिस्तुलाची गोळी व स्फोटाचे तुकडे अडवतात. रायफलीच्या गोळीची हमी मात्र त्यांची नाही. म्हणजे जवानाने हलका टोप घेतला तेव्हा काहीतरी दिलेही. कपाळावरचा जाड पत्रा देऊन त्याने माथा आणि कानशिले झाकून घेतली. हा सौदा योग्य की अयोग्य, हे डोंगरात कुठल्या बाजूने काय येते यावर ठरते, आणि ते पुण्या-मुंबईत बसून मला ठरवता येणार नाही.

तुमच्या गावी कुणी जवान सुट्टीवर आला असेल तर त्याला शाळेत बोलवा, गुरुजी. कोणता टोप मिळाला, आत काय आहे, चार तासांनी मान कुठे दुखते, हे मुलांना त्याला विचारू द्या. आमच्या सुभेदारांना आम्ही ते कधी विचारले नाही. त्यांचा टोप मोडीत गेला तेव्हा भंगारवाल्याने तो तागडीत घातला आणि किलोचा भाव देऊन वरचे काही ग्रॅम सोडून दिले.