मॅडम वॉकर यांची वास्तू



अमेरिकेतील इंडियानापोलिस नगरात इंडियाना ॲव्हेन्यू हा कृष्णवर्णीयांचा जुना महोल्ला. तेथे १९२७ साली एक चारमजली, त्रिकोणी बांधणीची इमारत पूर्ण झाली. पूर्वी गुलाम असलेल्या आईबापांच्या पोटी १८६७ मध्ये जन्मलेल्या मॅडम सी. जे. वॉकर यांची ती कल्पना. केशप्रसाधनांच्या धंद्यात त्यांनी अमाप संपत्ती मिळविली. एका नाट्यगृहाने कृष्णवर्णीय म्हणून दहाऐवजी पंचवीस सेंट मागितले, तेव्हा स्वतःचे नाट्यगृह बांधण्याचे त्यांनी ठरविले, असे सांगतात. १९१९ मध्ये त्या निवर्तल्या. काम कन्येने तडीस नेले. एकाच छपराखाली कारखाना, केशप्रसाधनाची शाळा, औषधांचे दुकान, नृत्यगृह आणि नाट्यगृह!

पुढे महामार्गासाठी आणि १९६९ मध्ये स्थापन झालेल्या विद्यापीठासाठी आसपासची वस्ती हटविली गेली. विद्यापीठांत आयुष्य घालविलेल्या मजसारख्याला हे वाक्य उच्चारणे जड जाते. गिऱ्हाईक पांगले, कारखाना थांबला, इमारत ओस पडली. नागरिकांनी १९७९ मध्ये संस्था स्थापून ती वाचविली. १९८८ मध्ये नाट्यगृह पुन्हा उघडले, आणि १९९१ मध्ये वास्तूला राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा मिळाला. २०१८ मध्ये लिली एन्डोमेंट या न्यासाने नूतनीकरणार्थ एक कोटी त्रेपन्न लाख डॉलर दिले. त्या योजनेतील भागीदार होते इंडियाना विद्यापीठ, म्हणजे ज्यांच्या विस्तारापायी शेजार नाहीसा झाला, त्यांपैकीच एक!

नाट्यगृह उभे आहे. प्रयोग सुटल्यावर प्रेक्षक ज्या गल्ल्यांतून पायी घरी जात, तेथे पुष्कळ ठिकाणी आता विद्यापीठाच्या इमारती आणि मोटारतळ आहेत.