दोन छावण्यांची एकच रसद

वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे जगदंबेचे ठाणे व संत सेवालाल महाराजांचे समाधिस्थान म्हणून बंजारा समाजात सर्वतोमुखी असले, तरी रामनवमीला तेथे लोटणाऱ्या यात्रेकरूंच्या पूर्वजांचा धंदा लदेणीचा, म्हणजे बैलांच्या पाठीवर गोण्या लादून धान्य आणि मीठ दूरदेशी नेऊन विकण्याचा होता, आणि दख्खनच्या लढायांचे वर्णन करताना या धंद्याची दखल घ्यावी तितकी घेतली गेलेली नाही. एकमेकांच्या जिवावर उठलेल्या सत्तांमध्येही एका बाबतीत अलिखित सहकार्य चाले: रसद घेऊन निघालेल्या तांड्याला सहसा हात लावायचा नाही. कोणत्याही तहनाम्यात हे कलम सापडत नाही. प्रत्येक सरकार नाईकाला, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाला, आपापला कौल देई, आणि तोच नाईक उद्या शत्रूच्या बाजारात गोण्या सोडणार हे माहीत असूनही त्याकडे काणाडोळा करी.

यामागे उदारपणा नव्हता. मोठ्या फौजेचे पोट भरेल इतकी कोठारे बाळगणे बहुतेक सत्तांच्या आवाक्याबाहेरचे होते, तर तांड्याचा बैल वाटेतल्या गवतावर चरत जाई आणि गाडीरस्ता नसलेल्या घाटांतूनही उतरे. तांड्याच्या अग्रभागी बालाजीला सोडलेला एक बैल चाले. त्याच्या पाठीवर ओझे नसे, अंगावर लाल रेशमाचे पट्टे, घुंगरू आणि कवड्यांच्या माळा असत, आणि तो जेथे बसेल तेथे मुक्काम पडे. मुक्कामी गोण्या एकावर एक रचून त्यांचाच कोट उभारला जाई. शाहजहानच्या काळात आसफखानाच्या दक्षिणेतील मोहिमेला धान्य पुरवणाऱ्या भंगी व जंगी या नाईकांना पाणी व छपराचे गवत घेण्याची मुभा आणि दिवसाला तीन खून माफ असा ताम्रपट मिळाल्याची परंपरा आहे; तिच्यातील माफीचा भाग कितपत खरा मानावा हा प्रश्नच आहे, परंतु आपल्यावाचून फौज उपाशी मरेल ही नाईकांची खात्री त्यातून पुरेशी दिसते.

ती खात्री फुकाची नव्हती, हे १७९१ मध्ये इंग्रज गव्हर्नर-जनरल कॉर्नवॉलिसला कळले. गजेंद्रगडच्या तहाने मराठे व म्हैसूरचा टिपू यांचे युद्ध १७८७ मध्ये थांबले होते. आता मराठे, निजाम आणि इंग्रज हे एकमेकांवर मुळीच विश्वास नसलेले तिघे टिपूविरुद्ध एकत्र आले होते. मे महिन्यात श्रीरंगपट्टणच्या तोंडाशी पोहोचूनही चारा आणि धान्य संपल्यामुळे कॉर्नवॉलिसला वेढ्याच्या तोफा स्वतःच निकामी करून माघारी फिरावे लागले, आणि वाटेत हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन यांची फौज भेटली तेव्हा मराठी छावणीच्या बाजारात धान्य विपुल होते, मात्र भाव चढा होता. पुढच्या स्वारीसाठी इंग्रजांनी बंजाऱ्यांना मुद्दाम जवळ केले आणि १७९२ च्या वेढ्यात उपासमारीचा प्रसंग पुन्हा आला नाही.

हे दोस्त पुढे एकमेकांवरच उलटले: १७९५ मध्ये खर्ड्याला मराठे निजामावर चालून गेले, आणि १८०३ मध्ये इंग्रज शिंदे-भोसल्यांवर. इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या पत्रव्यवहारात बंजाऱ्यांचा उल्लेख वारंवार येतो, आणि त्या युद्धाचा शेवट अडगाव व गाविलगड येथे, म्हणजे वऱ्हाडातच झाला.

१८१९ मध्ये छापलेला बंजाऱ्यांविषयीचा निबंध जॉन ब्रिग्ज या लष्करी अधिकाऱ्याचा होता. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली, गोण्यांचे बैल हळूहळू नांगराला जुंपले गेले, आणि १८८२ मध्ये वऱ्हाडातील बंजाऱ्यांवर पुस्तक छापले गेले ते वणी जिल्ह्याचा पोलीस अधीक्षक कंबरलेज याचे.