भाडेखरेदी अधिनियम, १९७२ आणि ग्रामीण वाहनखरेदीदार

पुणे-नाशिक मार्गावरील कळंब (ता. आंबेगाव) येथील शेतकऱ्याने भाडेखरेदी कराराने गाडी घेतली, तर शेवटचा हप्ता फिटेपर्यंत तो कायद्याने मालक नव्हे, भाड्याने घेणाराच ठरे. सौदा न्याय्य होण्यासाठी रोख किंमत आणि हप्त्यांची एकूण किंमत यांतील फरक त्याला आधी कळणे आवश्यक होते. विधी आयोगाच्या १९६१ च्या विसाव्या अहवालानंतर संसदेने १९७२ मध्ये भाडेखरेदी अधिनियम संमत केला. या दोन्ही किमती करारात लेखी नमूद करणे त्यात बंधनकारक होते. तथापि तो अमलातच आला नाही व २००५ मध्ये निरसित झाला. हा प्रकार चमत्कारिकच म्हणावा लागेल. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५१ नुसार अशा कराराची नोंद नोंदणी प्रमाणपत्रावर मात्र होते. तिने वित्तपुरवठादाराचा हक्क सुरक्षित होतो. रोख किंमत विचारून घेणे खरेदीदाराकडेच राहते.