हँडल, स्टार्टर आणि एकलहरे

आमच्या नाशकात गाडीवेडे जमले की हल्ली एकच वाद, इंजिन की बॅटरी? २००२ साली आलेली स्कॉर्पिओ महिंद्राच्या इथल्याच कारखान्यातली, त्यामुळे डिझेलवाल्यांचा आवाज जरा मोठाच!

पण मंडळी, १९०० च्या सुमारास अमेरिकेत विजेच्या गाड्या चांगल्याच खपत होत्या. पेट्रोलच्या गाडीला हँडल मारावं लागे. उलटा झटका बसला तर मनगटच मोडायचं. १९१२ च्या कॅडिलॅकला केटरिंगचा सेल्फ-स्टार्टर बसला आणि हँडल सुटलं. म्हणजे विजेच्या मोटरीनेच विजेच्या गाडीचा घात केला :) (फोर्डची स्वस्त मॉडेल टी होतीच मदतीला.)

बॅटरीवाल्यांनीही फार हुरळू नये. गाडी धूर सोडत नाही हे खरं, पण आपलं एकलहऱ्याचं वीजकेंद्र कोळशावरचं आहे. तिथला धूर कुणाच्या खात्यात मांडायचा?