पोलीस भरती: वयाची सवलत घेतल्यावर खुल्या जागेवर हक्क राहतो का?

पोलीस भरतीची तयारी करणारी आपली मुले-मुली आम्हाला हा प्रश्न वारंवार विचारतात. उत्तर एका शब्दात देता येत नाही, कारण ते राज्यागणिक बदलते.

सवलत कशात?
महाराष्ट्रात पोलीस शिपाई पदासाठी खुल्या प्रवर्गाची कमाल वयोमर्यादा 28 वर्षे, मागासवर्गीयांची 33 वर्षे आहे. अनुसूचित जातीच्या उमेदवाराला उंचीत सूट नाही. मैदानी चाचणी आणि लेखी परीक्षाही सर्वांना सारखीच. म्हणजे सवलत दारापर्यंतच असते, पुढची स्पर्धा बरोबरीची.

उत्तर प्रदेश
तिथल्या 1994 च्या आरक्षण कायद्यातील कलम 8 नुसार वय आणि शुल्कात सवलत देता येते. कलम 3(6) म्हणते, गुणवत्तेवर निवडलेला मागासवर्गीय उमेदवार राखीव जागेवर मोजू नये. वयाची सवलत घेतलेल्यालाही हे लागू राहील, असे शासनादेशात स्पष्ट होते. पोलीस उपनिरीक्षक भरतीच्या जितेंद्रकुमार सिंह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये हे मान्य केले. वयाच्या सवलतीने उमेदवार फक्त स्पर्धेत उतरतो, त्याने गुणांची बरोबरी बिघडत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते.

राजस्थान
राजस्थानात 2008 च्या परिपत्रकाने सवलत घेणाऱ्यांना खुल्या जागा बंद केल्या होत्या. पोलीस शिपाई भरतीच्या गौरव प्रधान प्रकरणात 2017 मध्ये त्याच न्यायालयाने ती मनाई कायम ठेवली. केंद्राच्या नोकऱ्यांतही 1 जुलै 1998 च्या ज्ञापनानुसार अशीच मनाई आहे.

आपल्यासाठी अर्थ
सवलत सारखीच, पण नियमातल्या एका ओळीने निकाल उलटला. महाराष्ट्राच्या 2001 च्या आरक्षण कायद्यात अनुसूचित जाती व त्यांतून बौद्ध झालेल्यांसाठी 13 टक्के जागा आहेत. समजा, 100 पदांच्या भरतीत आपला 30 वर्षांचा मुलगा खुल्या यादीत बसेल इतके गुण मिळवतो. त्याला खुल्या जागेवर घेतले, तर 13 जागा इतरांसाठी शिल्लक राहतात. राखीव जागेवर मोजले, तर 12 उरतात. अशी पाच मुले असली, तर आठच.

म्हणून जाहिरात आली की आधी तीन गोष्टी पाहा: वय कोणत्या तारखेला मोजले जाणार, सवलत घेतल्यास खुल्या जागेबद्दल काय लिहिले आहे, आणि ते कोणत्या नियमाच्या किंवा शासन निर्णयाच्या आधारे. त्या तारखेला तुम्ही 28 च्या आत असाल, तर राखीव प्रवर्गातून अर्ज करूनही वयाची सवलत घेतली असे होत नाही.

निवड यादी लागल्यावर प्रत्येकाचे गुण आणि प्रवर्ग तपासा. आक्षेपाची मुदत थोडी असते, ती निघून जाऊ देऊ नका.

जय भीम!