'पिळणे' : रूप आणि अर्थ

'पिळणे' हे क्रियापद संस्कृत 'पीड्' धातूपासून आले, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. दोन स्वरांमधील 'ड'चा 'ळ' होणे मराठीत नित्याचे आहे : गुड–गूळ, तडाग–तळे, षोडश–सोळा. पालीतही 'पीळेति' असेच रूप आढळते. 'पीळ'मधील दीर्घ ईकार 'पिळणे'त ऱ्हस्व होतो, तोही 'फूल–फुलणे' या जोडीप्रमाणेच. रूपाचा प्रश्न येथे मिटतो. अर्थाचा मिटत नाही.

'पीड्'चा मूळ अर्थ दाबणे. ऋग्वेदाच्या चौथ्या मंडलात (सूक्त २२) 'पिपीळे' हे रूप येते ते सोमाच्या देठासंबंधी. नीतिशतकात भर्तृहरीने वाळूतून तेल काढण्याचा असंभव उद्योग वर्णिताना हाच धातू योजला आहे. सतराव्या शतकात वामन पंडितांनी तो श्लोक मराठीत आणला, तेव्हा मात्र त्यांनी 'पिळणे' न वापरता 'रगडणे' वापरले. वृत्ताची सोय हे कारण कोणी पुढे करील. मला ते अपुरे वाटते. घाण्यात तीळ रगडले जातात, पिळले जात नाहीत. गुजरातीत ऊस चरकात घालण्याला 'पीलवुं' चालते. मराठीत ऊस गाळतात.

म्हणजे मराठीत दाबण्याची जागा मुरड घालण्याने घेतली. हे स्थित्यंतर ओल्या वस्त्राच्या ठायी घडले असावे, असे माझे मत आहे. तर्पणाच्या अखेरीस निपुत्रिक मृतांना जे पाणी देतात, त्याला 'वस्त्रनिष्पीडनोदक' म्हणतात. तेथे धातू दाबण्याचा, पण हातांची क्रिया पीळ घालण्याची आहे. लिंबू पिळतानाही बोटे दाबतात आणि मुरडतातही. जुना व नवा अर्थ तेथे अद्याप एकत्र नांदतात.

मुरड हा मुख्य अर्थ ठरल्यावर बाहेर पडणाऱ्या द्रवाची आवश्यकता उरली नाही. सुंभ जळला तरी न जाणारा पीळ, मिशांचा पीळ, बळी पिळतो तो कान, यांतून काहीच निथळत नाही. 'पिळवणूक' या शब्दात नेमके उलटे घडले. सावकार कुळाला पिळतो तेव्हा मुरड कोठेच दिसत नाही, निघतो तो केवळ रस. यास्तव 'पिळवणूक' म्हणजे 'पीडा देणे' हा कोशांतील सोपा पर्याय मला मान्य नाही. दोन्ही शब्द एकाच धातूचे खरे. परंतु तत्सम 'पीडा' सोसणाऱ्याची वेदना सांगते, तर तद्भव 'पिळवणूक' त्याच्यापासून काय काढून घेतले ते सांगते.