टॅपरूममधला पाहुणा : एका अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

पुण्यातल्या एका टॅपरूममध्ये, म्हणजे बिअर बनते तिथंच ती प्यायला मिळते अशा जागी, मी सकाळी अकराच्या सुमारास बसलो होतो. काचेपलीकडे माल्टचा भरडा गरम पाण्यात कालवायचं काम चालू होतं. मुलासोबत जेवायला आलेल्या एक आजी दारातच थांबल्या आणि म्हणाल्या, "अगोबाई, इथं चीक शिजतोय का रे?" त्या बिअर पीत नव्हत्या, त्या दिवशीही प्यायल्या नाहीत. माझ्या वहीतली पहिली नोंद मात्र त्यांची आहे.

आजींचं नाक अचूक होतं. कुरडयांसाठी गहू भिजवून त्याचा चीक काढतात आणि शिजवतात. बिअरसाठी जव भिजवून त्याला मोड आणतात, वाळवतात, भाजतात आणि भरडतात. हा भरडा 65 ते 68 अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर राहिला की पिष्टाची साखर होते. दोन्हीकडे वास भिजलेल्या, ऊब लागलेल्या धान्याचाच. ज्या जागेला आपण परकी समजतो, तिच्या उंबऱ्यावर आजींना उन्हाळ्यातली गच्ची आठवली होती.

क्राफ्ट ब्रुअरीच्या टॅपरूममध्ये येणाऱ्या माणसाला काय अनुभवाला येतं आणि ते तो कोणत्या शब्दांत सांगतो, हा या अभ्यासाचा विषय. मी 'गिऱ्हाईक' न म्हणता 'पाहुणा' म्हणतो, कारण गिऱ्हाईक म्हटलं की पैसे देणाराच डोळ्यांपुढे येतो आणि आजी वगळल्या जातात. शब्दांचा प्रश्न मी मुद्दाम पुढे ठेवतो आहे. मराठीत हे काम उभं राहायचं तर त्याचा पाया तिथंच घालावा लागेल, असं माझं ठाम मत आहे.

या वाटेवर आधी चाललेली माणसं आहेत. 1930 च्या दशकात इंग्लंडमधल्या बोल्टन या गिरणगावात 'मास ऑब्झर्वेशन' या समाजनिरीक्षण संस्थेचे निरीक्षक पबमध्ये जाऊन बसले. एक ग्लास संपायला किती मिनिटं लागतात, हे त्यांनी घड्याळ लावून मोजलं आणि घोळक्यातली माणसं एकमेकांच्या बरोबरीनं पितात, हे टिपलं. त्यातून 1943 साली 'द पब अँड द पीपल' हे पुस्तक झालं. निरीक्षणाची ती चिकाटी आजही शिकण्यासारखी आहे. पुढे 1989 साली अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रे ओल्डनबर्ग यांनी घर आणि कामाची जागा यांखेरीजच्या 'तिसऱ्या जागे'ची कल्पना मांडली. आपल्याला ती समजावून सांगावी लागत नाही. पार, ओटा, चावडी आणि कट्टा आपल्याकडे आहेतच. फरक एवढाच की कट्ट्यावर बसायला पैसे पडत नाहीत आणि टॅपरूममध्ये एका ग्लासाला काहीशे रुपये मोजावे लागतात. तिथं कोण येऊ शकत नाही, याचीही नोंद अभ्यासकानं ठेवायला हवी.

आता शब्दांकडे वळू. पुण्यात 2009 साली सुरू झालेल्या 'डूलाली'चं नाव पाहा. देशातल्या सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी ही एक. हा शब्द नाशिकजवळच्या देवळालीवरून आलेला आहे. तिथल्या छावणीत ब्रिटिश सोजीर मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत अडकून पडत. ऊन, कंटाळा आणि आजारपण यांनी डोकं फिरलं की सोजिरांच्या बोलीत त्याला 'डूलाली टॅप' म्हणत. यातला टॅप म्हणजे आपला ताप. टॅपरूममधला टॅप निराळा, तो पिंपाची तोटी. आपलं गाव आणि आपला शब्द इंग्रजीत फिरून पुण्यात परत आले, आणि आपण त्यांना परके समजून बसलो.

आता एक संध्याकाळ. लाकडी फळीत खोचलेले चार छोटे ग्लास टेबलावर आले. "आधी चाखून बघा, मग ठरवा," असं सांगून वाढणारा मुलगा उभा राहिला. पंचविशीतल्या एका तरुणानं गव्हाच्या बिअरचा, हेफेवायझनचा, वास घेतला आणि उत्स्फूर्तपणे म्हणाला, "शिकरण!" मित्र हसले. तो ओशाळला आणि सावरून म्हणाला, "म्हणजे, नाइस, फ्रूटी." खरं तर त्याचा पहिला शब्द बिनचूक होता. या बिअरच्या यीस्टमधून आयसोअमाइल अ‍ॅसिटेट तयार होतं आणि पिकल्या केळ्याच्या वासातही तेच प्रमुख असतं. तो हसण्यावारी गेलेला शब्द मला अजून टोचतो. आपल्या नाकावरचा विश्वास तो तरुण तिथंच सोडून गेला.

बिअरच्या चवी-वासांना नावं देणारं चक्र डॅनिश शास्त्रज्ञ मॉर्टन मेलगार्ड यांच्या पुढाकारानं 1970 च्या दशकात तयार झालं. ते मोलाचं आहे, आणि जगभरचे ब्रुअर त्यावर बोट ठेवून बोलतात. शिळ्या बिअरच्या वासाला त्यात भिजक्या पुठ्ठ्याचा वास म्हणतात. पण आपल्या भाषेतही खरपूस आणि करपट यांत फरक आहे, कडू आणि कडसर वेगळे आहेत, शिवाय तुरट, आंबूस, खवट, कुबट आहेतच. स्वयंपाकघरात घासून तयार झालेले हे शब्द बारवरही तितकेच नेमके बसतात.

अनुभव कशाकशावर ठरतो, हेही बघायला हवं. बाहेरच्या टेबलावर उन्हात ग्लास राहिला, तर हॉप्सच्या फुलांतल्या कडू द्रव्यांवर प्रकाश पडून काही मिनिटांत उग्र दर्प सुटतो. पाहुणा ब्रुअरला दोष देतो आणि आत सावलीत बसलेला त्याच पिंपातली बिअर वाखाणतो. अतिथंड बिअरचा वास दबतो, हे अनुभव बदलण्याचं आणखी एक कारण.

या विषयाला येताना एक जाण मात्र ठेवावी. दारूनं या राज्यात घरं उद्ध्वस्त केली आहेत. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. गावोगावच्या बायकांनी 'आडव्या बाटली'ला मत देऊन दुकानं बंद पाडली आहेत. त्यांची साक्ष आणि टॅपरूममधल्या पाहुण्याची साक्ष एकाच समाजातल्या आहेत. दोन्ही वाचल्याशिवाय या क्षेत्रात पाऊल टाकू नये, असं मी विद्यार्थ्यांना सांगतो.

नव्या अभ्यासकाला माझी विनंती आहे. पीत असा वा नसा, वही घेऊन या. परवानगी विचारून टेबलाशी बसा आणि माणसाच्या तोंडून पहिला जो शब्द निघेल, तो दुरुस्त न करता लिहून घ्या. पहिली भेट दुपारी द्या. रात्री आठनंतर गाणी इतकी मोठ्यानं लागतात की कुणाचंच काही ऐकू येत नाही.